तणनाशक फवारल्यानंतर शेतात पट्टे राहणे : बूमच्या नोझलची क्रमवार तपासणी

सोयाबीनमध्ये उगवणीनंतरचे तणनाशक ट्रॅक्टरच्या बूमने, म्हणजे ओळीने नोझल बसवलेल्या आडव्या दांड्याने, मारले जाते, आठ-दहा दिवसांनी तण पिवळे पडून जळू लागते आणि मग लक्षात येते की शेताच्या लांबीभर, ट्रॅक्टर ज्या दिशेने चालला त्याच दिशेने, केना आणि शिप्पीचे हिरवेगार पट्टे जसेच्या तसे उभे आहेत. ही तक्रार दर खरिपात माझ्याकडे येते, आणि बहुतेक वेळा "औषधच हलके निघाले" हा निष्कर्ष सोबत घेऊनच येते. औषध खरोखर हलके असते तर सगळ्या शेतात तण सारखेच वाचले असते. पट्टा सरळ रेषेत असेल, त्याच्या दोन्ही बाजूंचे तण नीट मेले असेल आणि तो फेरीगणिक पुन्हा दिसत असेल, तर दोष नोझलमध्ये किंवा नोझलपर्यंत पाणी पोहोचवणाऱ्या व्यवस्थेत आहे असे समजूनच तपासणी सुरू करावी.

पुढील तपासणी ट्रॅक्टरला जोडलेल्या, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या बूम फवारणी यंत्रासाठी आहे. उदाहरणे १२ मीटर लांबीच्या आणि ५० सेंटिमीटर अंतरावर २४ नोझल असलेल्या बूमची घेतली आहेत. आपला बूम लहान असेल तर आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही. एक विनंती मात्र सुरुवातीलाच करतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत औषध बदलू नये, मात्रा वाढवू नये आणि पट्टे दिसले म्हणून सगळ्या शेतावर दुसऱ्यांदा फवारू नये. तसे केल्याने जिथे औषध आधीच बरोबर पडले आहे तिथे मात्रा दुप्पट होऊन सोयाबीनला झटका बसतो, आणि नोझलचा दोष कायम असल्यामुळे नवे पट्टे मात्र पुन्हा राहतातच.

लक्षणे

टेप आणि चार खुंट्या घेऊन शेतात जावे आणि पट्ट्यांची रुंदी व अंतर मोजावे, कारण निम्मे निदान इथेच होते.

एकच नोझल बिघडले असेल तर पट्टा दर १२ मीटरला येईल असे वाटते, पण तसे होत नाही. ट्रॅक्टर एका फेरीत जातो आणि पुढच्या फेरीत उलट तोंडाने येतो, त्यामुळे एका जोडावर बूमची डावी टोके एकमेकांशेजारी येतात आणि पुढच्या जोडावर उजवी. परिणामी पट्टे जोडीजोडीने दिसतात : दोन जवळजवळ, मग मोठे अंतर, पुन्हा दोन जवळजवळ. जवळच्या दोन पट्ट्यांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले, की बूमच्या टोकापासून बिघडलेले नोझल किती आत आहे ते कळते. समजा हे अंतर साडेतीन मीटर भरले, तर निम्मे पावणेदोन मीटर. फवाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेपासून पहिले नोझल २५ सेंटिमीटर आत धरले जाते आणि पुढचे प्रत्येक ५० सेंटिमीटरवर असते. म्हणजे टोकाकडून चौथे नोझल पाहायचे. त्या जोडावर कोणती टोके शेजारी आली होती हे चालकाला आठवत असेल तर बाजूही नक्की होते, नसेल तर दोन्ही बाजूंचे चौथे नोझल उघडावे. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने मारल्या असतील तरच पट्टा बरोबर १२ मीटरने येतो.

संपूर्ण शेतात दर ५० सेंटिमीटरला तण मेलेला आणि तण वाचलेला असे आळीपाळीने बारीक पट्टे दिसत असतील, तर दोष एका नोझलचा नाही. बूमची उंची, नोझलचा कोन आणि दाब यांचे गणित चुकलेले आहे. पट्टा फक्त दोन फेऱ्यांच्या जोडावर असेल तर चालकाला खूण मिळाली नाही किंवा टोकाचे नोझल कमी पाणी देत आहे. ट्रॅक्टरच्या दिशेला आडव्या लाटा दिसत असतील तर पंपाचे पाणी ठोक्याठोक्याने येत आहे किंवा बूम खालीवर उसळत आहे. तण जळाले पण सोयाबीनची पानेही पट्ट्यात पिवळी किंवा आखडलेली दिसली, तर तिथे औषध जास्त पडले आहे आणि ते नोझल बहुधा झिजलेले आहे.

सर्वांत फसवे लक्षण शेतात दिसतच नाही. टाकी हिशेबापेक्षा लवकर संपते, पट्टे पडत नाहीत, तणही मरते, आणि एकरी खर्च मात्र वाढत जातो. सगळी नोझल सारखीच झिजली की असे होते, आणि पट्टे नसल्यामुळे कोणी तिकडे पाहत नाही.

वाचलेले तण सरळ रेषेत नसून इथे-तिथे ठिगळांसारखे असेल, तर नोझलच्या मागे लागू नये. तिथे तण चार-पाच पानांच्या पुढे गेले होते का, मधला तुकडा पाणी साचणारा आहे का, टाकीत औषध ढवळले जात होते का, हे प्रश्न आधी विचारावेत.

तपासणीपूर्वी

टाकी, पाईप आणि बूम तीन वेळा स्वच्छ पाण्याने खंगाळून मगच तपासणीचे पाणी भरावे. तपासणी औषधावर कधीही करू नये. पाणी स्वच्छ असले तरी हातमोजे आणि चष्मा घालावा, कारण गाळण्यांमध्ये आणि नळ्यांच्या कोपऱ्यांत औषध राहतेच. पीटीओच्या दांड्यावरचे संरक्षक आवरण जागेवर असल्याशिवाय पंप सुरू करू नये, आणि नोझल उघडताना ट्रॅक्टर बंदच असावा.

१. नुसते पाहणे

ट्रॅक्टर उभा ठेवून, हाताच्या ब्रेकवर, पीटीओ नेहमीच्या फेऱ्यांवर चालवून दाब ३ बारवर (बार हे दाबाचे एकक, ते दाबमापकावर म्हणजे गेजवर दिसते) आणावा आणि बूमच्या मागे काही अंतरावर, सूर्य समोर येईल असे उभे राहावे. उजेडाच्या विरुद्ध पाहिले की प्रत्येक फवाऱ्याचा पंखा स्वच्छ दिसतो. चांगल्या नोझलचा पंखा दोन्ही कडांकडे हळूहळू विरळ होत जातो. पंख्यात मध्येच जाड धार दिसली, एक कड तुटलेली दिसली किंवा पंखा एका बाजूला कलला, तर ते नोझल खडूने खूण करून ठेवावे.

यानंतर कोरड्या सिमेंटच्या खळ्यावर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला नेहमीच्या वेगाने एक फेरी मारावी आणि जमीन वाळताना पाहावी. जिथे पाणी जास्त पडले तिथे ओल मागे राहते, जिथे कमी पडले तिथे आधी वाळते. बिनखर्चाची ही तपासणी दुपारच्या उन्हात पाच-दहा मिनिटांत होते आणि शेतात आठ दिवसांनी जे दिसणार ते आजच दाखवते. दर हंगामाच्या पहिल्या फवारणीआधी ती करावीच, असे माझे ठाम मत आहे.

२. नोझलचा आकडा आणि जात

सगळ्या २४ नोझलवरचे आकडे वाचून कागदावर लिहावेत. ११०-०३ या आकड्यात ११० हा फवाऱ्याचा कोन आणि ०३ हे पाण्याचे माप असते. आयएसओ १०६२५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार पाण्याच्या मापाला रंग ठरवून दिलेला आहे : नारिंगी ०१, हिरवा ०१५, पिवळा ०२, जांभळा ०२५, निळा ०३, लाल ०४, तपकिरी ०५. ३ बार दाबाला पिवळे मिनिटाला ०.८ लिटर, निळे १.२ लिटर आणि लाल १.६ लिटर पाणी देते. प्रत्येक बनावटीचा रंग या संकेताशी जुळेलच असे नाही, म्हणून रंगापेक्षा कोरलेला आकडा आणि आकड्यापेक्षा मोजपात्रात पडलेले पाणी खरे मानावे.

हंगामाच्या मध्यात एखादे नोझल फुटले की दुकानात जे मिळेल ते बसवले जाते, आणि अशा बदलांमुळे एकाच बूमवर ८० आणि ११० अंशांची, दोन वेगवेगळ्या मापांची नोझल एकत्र आलेली मी वारंवार पाहतो. निळ्यांच्या रांगेत एक लाल बसले की त्याच्याखाली एक तृतीयांश औषध जास्त पडते. आणखी एक गोष्ट तपासावी : आकड्याच्या शेवटी इंग्रजी ई हे अक्षर असेल तर ते नोझल ओळीवर पट्टा मारण्यासाठी आहे. त्याचा फवारा कडांपर्यंत सारखाच दाट असतो, त्यामुळे सरसकट फवारणीत दोन नोझलच्या जोडावर मात्रा दुप्पट होते. सरसकट फवारणीला कडा विरळ होत जाणारे साधे फ्लॅट फॅन, म्हणजे चपट्या पंख्यासारखा फवारा देणारे नोझलच हवे. पोकळ शंकूचा फवारा देणारे नोझल कीडनाशकासाठी ठीक आहे, जमिनीवर सारखा थर देण्याचे काम ते करत नाही.

३. उंची आणि तिरपेपणा

उंची नोझलच्या तोंडापासून फवाऱ्याच्या लक्ष्यापर्यंत मोजावी. उगवणपूर्व तणनाशकात लक्ष्य जमीन असते, उगवणीनंतरच्या तणनाशकात तणाचा शेंडा. ५० सेंटिमीटर अंतरावरच्या ११० अंशांच्या नोझलला साधारण ५० सेंटिमीटर आणि ८० अंशांच्या नोझलला साधारण ७५ सेंटिमीटर उंची लागते. वाऱ्याच्या भीतीने बूम खाली आणणारे चालक पुष्कळ आहेत. ८० अंशांचे नोझल ३० सेंटिमीटरवर आणले की एका नोझलचा फवारा कागदावरच्या हिशेबानेसुद्धा ५० सेंटिमीटरच रुंद होतो, म्हणजे शेजाऱ्याला जेमतेम टेकतो, आणि कडा तर मुळातच विरळ असतात. दर ५० सेंटिमीटरला दिसणाऱ्या बारीक पट्ट्यांचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

उंची मध्यावर आणि दोन्ही टोकांवर मोजावी, कारण जुना बूम टोकाकडे झुकतो. रुंद वरंबा सरी पद्धतीच्या पेऱ्यात वरंब्याच्या माथ्यापासून उंची धरावी. सरीतले अंतर आपोआप वाढते आणि तिथे शेजारच्या फवाऱ्यांची एकमेकांवर चढाई थोडी जास्त होते, ते चालते.

प्रत्येक पंखा बूमच्या रेषेला साधारण १० अंशांनी तिरपा असला पाहिजे. सगळे पंखे एकाच रेषेत आले तर शेजारचे फवारे हवेतच एकमेकांवर आपटतात, थेंब एकत्र होऊन मोठे होतात आणि जोडावर धार पडते. सगळी नोझल एकाच दिशेला तिरपी हवीत. झटपट खोलणाऱ्या टोप्यांमध्ये हा कोन बसवलेलाच असतो, चाकीच्या नटांमध्ये तो पान्याने बसवावा लागतो आणि नट कसताना तो हमखास हलतो.

४. गाळण्या

टाकीच्या तोंडाची, पंपाच्या ओढीकडची, दाबाच्या नळीतली आणि प्रत्येक नोझलमागची अशा चार टप्प्यांच्या गाळण्या उघडून धुवाव्यात. ०३ आणि त्यापुढच्या नोझलमागे ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) जाळी पुरते. ०१ आणि ०१५ सारख्या बारीक नोझलमागे १०० मेशची लागते. नोझल सारखे तुंबते म्हणून त्यामागची जाळीच काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. त्याने तुंबणे थांबत नाही, कचरा थेट तोंडात जाऊन अडकतो आणि बारीक वाळू तोंड झिजवते.

गाळणीत काय सापडते तेही पाहावे. पांढरा, कडक थर म्हणजे विहिरीच्या पाण्याचे क्षार. चिकट पिवळसर गोळा म्हणजे एकमेकांत न मिसळणारी दोन औषधे किंवा न विरघळलेली भुकटी. अशा वेळी पुढच्या खेपेला तेच मिश्रण त्याच प्रमाणात काचेच्या बाटलीत करून अर्धा तास ठेवून पाहावे. काळी रबराची कपची म्हणजे आतून सोलवटलेली नळी, आणि ती बदलल्याशिवाय नोझल कितीही धुतले तरी पुन्हा तुंबणार. शेततळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच टाकीत घ्यावे. उन्हाळ्यात यंत्र उघड्यावर उभे असेल तर कुंभारमाशी नोझलच्या तोंडात आणि उघड्या नळीत मातीचे घर करते. जूनमधल्या पहिल्या फवारणीला एकदम चार-पाच नोझल बंद निघतात ती बहुधा यामुळेच.

तुंबलेले नोझल साबणाच्या पाण्यात भिजवून दात घासायच्या मऊ ब्रशने साफ करावे किंवा हवेच्या झोताने, बाहेरच्या बाजूने आत, फुंकून काढावे. टाचणी, तार किंवा बाभळीचा काटा घालू नये, कारण तोंडाची कड एकदा ओरखडली की फवाऱ्यात कायमची धार पडते. तोंडाने तर कधीच फुंकू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले; औषध शरीरात जाण्याचे जितके मार्ग आपल्या हातात आहेत तितके तरी आपण बंद केलेच पाहिजेत. दोन-चार जादा नोझल खिशात ठेवावीत, शेतात नुसते बदलावे आणि तुंबलेले घरी येऊन धुवावे.

५. मोजपात्राची तपासणी

वरचे सगळे करूनही पट्टे राहत असतील तर आता मोजावेच लागते, आणि खरे म्हणजे ही तपासणी पट्टे नसतानाही वर्षातून एकदा व्हायला हवी. लागते ते मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे मोजपात्र, मोबाईलमधले घड्याळ आणि बूमवर रंगाने लिहिलेले १ ते २४ क्रमांक.

दाब ३ बारवर स्थिर ठेवून प्रत्येक नोझलखाली बरोबर एक मिनिट पाणी धरावे आणि क्रमांकासमोर लिहावे. ११०-०३ चे नवे नोझल १,२०० मिलिलिटर देते. १,३२० च्या वर, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त पाणी देणारे नोझल झिजलेले समजून काढून टाकावे. १,०८० च्या खाली देणारे तुंबलेले आहे. ते धुऊन पुन्हा मोजावे. दहा टक्क्यांची ही मर्यादा कडक वाटेल, पण झिजलेल्या नोझलमध्ये नुसते पाणी वाढत नाही, पाण्याची वाटणीही बिघडते : तोंडाचा मध्य मोठा होतो आणि पंख्याच्या मधोमध जास्त, कडेला कमी असे पाणी पडते. डोळ्यांना हे फार उशिरा दिसते. बाहेरून नव्यासारखे दिसणारे पितळी नोझल मोजपात्रात १,४०० भरते, तेव्हा मालकाला शेजारी उभे करून मी ते पात्र उजेडात धरतो. त्यानंतर समजावण्याची गरज राहत नाही.

दोनपेक्षा जास्त नोझल मर्यादेबाहेर गेली तर पूर्ण संच बदलावा. जुन्या रांगेत दोन नवी बसवली की नवीच कमी पाणी देणारी ठरतात आणि पट्टे फक्त जागा बदलतात. हंगामाच्या तणनाशकाच्या खर्चापुढे नोझलच्या संचाची किंमत किरकोळ आहे, आणि तरीही यंत्राचा हाच भाग सर्वांत उशिरा बदलला जातो.

संशयित नोझल एकच असेल तर ते शेजारच्याशी अदलाबदल करून दोन्ही पुन्हा मोजावीत. दोष नोझलसोबत दुसऱ्या जागी गेला तर नोझल खराब. दोष जुन्याच जागी राहिला तर त्या जागेची जाळी, नळीची घडी, क्लिपखाली दबलेली नळी किंवा नोझलच्या घरातील ठिबकरोधक पडदा पाहावा. हा रबरी पडदा दाब अर्ध्या-पाऊण बारच्या खाली गेला की पाणी अडवतो. तो ताठर झाला की पाणी कमी येते, फाटला की बांधावर वळताना औषध ठिबकत राहते आणि तेवढ्या जागेवरचे पीक करपते. पडदा स्वस्त आहे आणि हातानेच बदलता येतो.

६. गेज आणि वेग

सगळ्या नोझलचे माप सारखेच पण सरसकट कमी किंवा जास्त येत असेल तर गेजवर शंका घ्यावी. फळबागेसाठी बनवलेल्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपावर मोठ्या मापाचे गेज असते, आणि त्यावर ३ बार म्हणजे काटा जेमतेम शून्यावरून उठलेला असतो. तिथे वाचलेला आकडा हा अंदाजच असतो. ० ते १० बारचे, ग्लिसरीन भरलेले गेज बूमच्या नळीवर वेगळे बसवून घ्यावे. काही गेजवर आकडे किलोत (चौरस सेंटिमीटरला किलो) किंवा पीएसआयमध्ये असतात : १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय, आणि किलो जवळपास बारइतकाच.

दाब वाढवून कमी पाणी भरून काढता येते हा समज सोडला पाहिजे. नोझलमधून दुप्पट पाणी हवे असेल तर दाब चौपट करावा लागतो. तितक्या दाबाला थेंब धुक्यासारखे बारीक होतात आणि वाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात जातात; उसात २,४-डी हे तणनाशक मारताना ते कपाशीवर किंवा द्राक्षावर गेले तर नुकसान किती मोठे होते हे सांगायला नको. साधे फ्लॅट फॅन २ ते ४ बारच्या दरम्यानच चालवावे. त्याखाली दाब गेला तर पंखा मिटतो आणि उंची बरोबर असूनही पट्टे पडतात.

वेग शेतातच मोजावा, टाकी अर्धी भरलेली असताना. १०० मीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६० ला भागले की ताशी किलोमीटर मिळतात. ९० सेकंद लागले तर वेग ४. वेग चुकला तर पट्टे पडत नाहीत, पण एकरी मात्रा बदलते.

७. नोझल आणि पंप यांचा मेळ

काही यंत्रांत सगळे भाग चांगले असतात, नोझलही नवी असतात, आणि तरी दाब चढतच नाही. अशा ठिकाणी नोझलची निवडच पंपाला पेलणारी नसते, म्हणून हिशेब एकदा कागदावर करावा. तणनाशकाच्या लेबलवर हेक्टरी किती लिटर पाणी सांगितले आहे ते घ्यावे, त्याला ताशी किलोमीटरने आणि नोझलमधल्या मीटरमधील अंतराने गुणावे आणि ६०० ने भागावे. एका नोझलने मिनिटाला किती लिटर द्यायला हवे ते मिळते. हेक्टरी ५०० लिटर, वेग ४ आणि अंतर अर्धा मीटर धरले तर १.६७ लिटर येतात. म्हणजे ०४ चे लाल नोझल, ३ बारपेक्षा किंचित जास्त दाबाला.

आता २४ नोझलचे मिळून मिनिटाला ४० लिटर झाले, आणि पंपाच्या पाटीवर ३६ लिटर लिहिलेले असेल तर हा बूम त्या पंपावर चालूच शकत नाही. शिवाय परतीच्या नळीतून टाकी ढवळायला पाणी उरले पाहिजे, नाहीतर भुकटी तळाशी बसते आणि पहिल्या फेऱ्यांत जास्त, शेवटच्या फेऱ्यांत कमी औषध जाते. मार्ग तीन आहेत. बूमचा एक भाग बंद करून १६ नोझलवर फवारावे, तेव्हा २७ लिटरच्या आत काम होते. लेबलवर पाण्याची खालची मर्यादा दिली असेल तर तिथपर्यंत यावे. हेक्टरी ३७५ लिटरला निळे ०३ पुरते. किंवा पंप मोठा घ्यावा. बारीक नोझल लावून त्यावर दाब वाढवणे हा चौथा मार्ग सर्रास अवलंबला जातो आणि तो चुकीचा आहे.

नोझलच्या घडणीबद्दल थोडक्यात : पितळ लवकर झिजते, त्यातही मँकोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडसारख्या बुरशीनाशक भुकट्या त्याच यंत्रातून मारल्या जात असतील तर फारच लवकर. चांगल्या प्लॅस्टिकचे आणि स्टीलचे नोझल त्याहून टिकाऊ, सिरॅमिकचे सर्वांत जास्त. दिवसाचे काम संपल्यावर बूममधून स्वच्छ पाणी सोडावे, आणि २,४-डी नंतर कपाशीवर जाणार असाल तर अमोनियाच्या पाण्याने यंत्र धुऊन, ते पाणी रात्रभर राहू देऊन, पुन्हा खंगाळावे. शक्य असेल तर तणनाशकाचे यंत्र वेगळेच ठेवावे.

८. इथे थांबावे

गेजचा काटा सतत थरथरत असेल आणि शेतात आडव्या लाटा असतील, तर ओढीकडची गाळणी, नळीतली हवेची गळती आणि एअर चेंबर (पंपाचे ठोके शोषणारी हवेची टाकी) एवढेच आपण पाहावे. ते ठीक असूनही थरथर राहिली तर पंपाच्या आतील झडपा किंवा प्लंजरचे पॅकिंग गेले आहे. पंप घरी उघडू नये. तो कारागिराकडेच द्यावा. पंपाचे तेल दुधासारखे पांढरे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. त्या क्षणी पंप बंद करावा, "एवढे एकर उरकून घेऊ" म्हणू नये, कारण तसाच चालवल्यास बेअरिंग आणि क्रँक दोन्ही जातात. दाब नियंत्रक वारंवार सरकत असेल, बूमच्या सांध्याला तडा गेला असेल किंवा पीटीओचा दांडा हादरत असेल, तरीही हेच. तडा गेलेली चौकट टाकीजवळ वेल्डिंग करण्याआधी टाकी आणि नळ्या उतरवून घ्याव्यात.

सगळी नोझल दहा टक्क्यांच्या आत आहेत, उंची आणि वेग बरोबर आहेत, आणि तरीही तण वाचले, तर प्रश्न यंत्राचा उरत नाही. तेव्हा वाचलेल्या तणाची चार रोपे मुळासकट आणि औषधाचे लेबल घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणी, अकोला, राहुरी, दापोली यांपैकी आपल्या भागातील कृषी विद्यापीठाच्या तणशास्त्र तज्ज्ञांकडे जावे. तपासणी करताना किंवा फवारताना कोणाला मळमळ, चक्कर, घाम किंवा धूसर दिसणे असा त्रास झाला तर काम तिथेच थांबवावे, अंगावरचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचे लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

या हंगामात राहिलेल्या पट्ट्यांवर डवरणी आणि ओळीत खुरपणी करून घ्यावी. पट्टे अरुंद असल्याने मजुरी फार लागत नाही. कारागिराला बोलावताना २४ नोझलच्या मापांचा कागद, पंपाच्या पाटीवरचा आकडा आणि पट्ट्यांमधले मोजलेले अंतर त्याच्या हातात द्यावे.